विक्रांत गेली, विराट गेली. ‘मुंबई’ तरी मुंबईत ठेवा

प्रति,
मा. पर्यटन मंत्री आणि पर्यटन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: राज्यात युद्धनौकेचं कायमस्वरूपी संग्रहालय नसल्याबाबत, आणि ‘आयएनएस मुंबई’ ही युद्धनौका निवृत्तीनंतर राज्यात ठेवण्याबाबत

स.न.वि.वि.

नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रात बुडवायची आणि तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं, हा प्रकल्प आपल्या खात्याने हाती घेतला आहे. केंद्राने त्यासाठी ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले. मालवण-वेंगुर्ल्याच्या पोरांना त्यातून रोजगार मिळणार असेल, बुडवलेल्या सांगाड्यावर प्रवाळ धरणार असेल, तर चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण या प्रकल्पाच्या बातम्यांत ‘युद्धनौकेचं संग्रहालय’ हे शब्द आले की माझ्या पोटात गोळा येतो. कारण हेच शब्द मी विक्रांतच्या वेळी ऐकले, विराटच्या वेळी ऐकले. दोन्ही आपल्या विमानवाहू युद्धनौका, आणि दोन्ही वेळा शेवटी भंगारासाठी गॅस कटर आला.

मी लालबागची. पालिकेच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाले. वडील नेव्हल डॉकयार्डात बॉयलरमेकर होते. १९७० साली विक्रांतच्या बॉयलरच्या ड्रमना तडे गेल्याचं निघालं. ते वेल्डिंगने बुजणारे नव्हते आणि नवे ड्रम विलायतेहून यायचे होते. पुढच्या वर्षी युद्ध उभं ठाकलं तरी ते बसलेले नव्हते. मग दाब कमी ठेवून, जेमतेम वेगावर ती बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबर १९७१ ला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला, नंतर चितगाव. त्या मोहिमेत विक्रांतच्या लोकांना दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं मिळाली. वडिलांना अर्थातच काही मिळालं नाही, त्यांची तशी अपेक्षाही नव्हती. पण रेडिओवर विक्रांतचं नाव आलं की ते ताटावरून उठून रेडिओचा आवाज मोठा करायचे. गिरणगावातून अशी कितीतरी माणसं रोज डॉकयार्डाच्या लायन गेटातून आत जात होती. विक्रांत ही त्यांच्या हाताखालून गेलेली बोट होती, म्हणून हे पत्र.

आता तक्रारी सांगते.

पहिली अर्थातच विक्रांतची. ती बेलफास्टला ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली आणि ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. ती मुंबईतच राहील आणि तिचं संग्रहालय होईल, असं तेव्हाच ठरलं होतं. २००१ पासून नौदलाने आपल्या परीने ती लोकांना दाखवायला सुरुवात केली. नौदल सप्ताहात मी वर्ग घेऊन जायचे. पिशव्या तपासून घ्यायच्या, रांग मोडायची नाही, कठड्याला हात लावायचा नाही, असं बजावत बजावत तो हलणारा जिना चढायचा. आत हँगरमध्ये थंड काळोख आणि तेलाचा वास. तिथे सी हॉक आणि अलिझे विमानं, चेतक हेलिकॉप्टर. मुलं आधी गप्प, मग एकदम सगळी बोलायला लागायची. वर डेकवर गेलं की पुढचं टोक उताणं उचललेलं दिसायचं. सी हॅरियर विमानं घ्यायची म्हणून ते नंतर बसवलेलं. एक नौसैनिक समजावून सांगायचे की उतरणाऱ्या विमानाचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला तरच विमान थांबणार, नाही तर पुन्हा हवेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीने डेकची लांबी पावलांनी मोजायला घेतली, अर्ध्यात थांबली आणि म्हणाली, “बाई, एवढ्यात विमान थांबतं? आमची एसटी नाही थांबत.” नौसैनिक इतके हसले की त्यांना टोपी सावरावी लागली.

धड्यात ‘विमानवाहू युद्धनौका’ हा शब्द आहे. तो पाठ करून घेता येतो, पण कळतो तो असा.

आणि दर खेपेला आणखी एखाद्या जिन्यावर दोर बांधलेला असायचा, ‘प्रवेश बंद’. रंगावर रंग चढवलेला, त्याखाली गंजाचे फोड. बोट दाबलं की पापुद्रा खाली. बाहेरचा पत्रा आतून किती उरला असेल ते डॉकयार्डवाल्याच्या मुलीला सांगावं लागत नाही. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली. डिसेंबर २०१३ मध्ये लिलाव ठरला, सुमारे ६० कोटींना ती विकली गेली. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, पण जपायला पैसा नाही आणि सरकारची तयारी नाही म्हटल्यावर न्यायालय तरी काय करणार? २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्याच दारूखान्याला, जिथे जुनी जहाजं मोडतात तिथे, तोडकाम सुरू झालं.

१९९७ ते २०१४ या सतरा वर्षांत मंत्रालयात युतीचं सरकार होतं, मग आघाडीचं, मग पुन्हा युतीतल्यांचं. त्यामुळे हे एका पक्षाचं पाप नाही, आणि हे पत्र कुणी निवडणुकीत फिरवू नये. या सतरा वर्षांत राज्याने काय केलं? ‘भागीदार’ शोधला. कुणी उद्योगपती येईल, बोट चालवेल, हॉटेल काढेल, आणि आपल्या खिशाला तोशीस न लागता संग्रहालय होईल, ही वाट पाहणं हेच धोरण होतं. तो काही आला नाही. खाऱ्या पाण्याने मात्र एक दिवस खाडा केला नाही.

तिच्या धातूतून केलेलं स्मारक लायन गेटसमोरच्या चौकात २०१६ मध्ये बसवलं. गाड्या त्याला वळसा घालून जातात. सिग्नल सुटेपर्यंत बसच्या खिडकीतून दिसतं तेवढं दर्शन. तिच्या पोलादातून मोटारसायकलीही निघाल्या. ज्यांनी घेतल्या त्यांनी प्रेमानेच घेतल्या असतील, त्यांना मी काही म्हणत नाही.

दुसरी तक्रार विराटची, आणि ही जास्त चीड आणणारी आहे, कारण तोवर विक्रांतचा अनुभव गाठीशी होता. विराट ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली. आधी ब्रिटिशांची ‘हर्मिस’, १९८२ च्या फॉकलंड युद्धातलं त्यांचं मुख्य जहाज, १९८७ पासून आपली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठराव केला: निवती रॉकजवळ विराटचं संग्रहालय, खर्च ८५२ कोटी, सार्वजनिक-खासगी भागीदारीतून. होय, तीच निवती. पेपरात चित्रं छापून आली. पुढच्या जुलैत केंद्राने संसदेत सांगितलं की विराट मोडीत निघणार. २०२० मध्ये ३८ कोटी ५४ लाखांना विकली. सप्टेंबरात ती दोरखंडाने ओढत मुंबईतून गुजरातेत अलंगला, जहाजं तोडायच्या किनाऱ्यावर नेली. एका कंपनीने वाचवायची धडपड केली, सर्वोच्च न्यायालयाने काही काळ स्थगितीही दिली, पण एप्रिल २०२१ पर्यंत सुमारे चाळीस टक्के बोट कापून झाली होती.

८५२ कोटींच्या ठरावापासून ३८ कोटींच्या भंगारापर्यंत दोन वर्षंही लागली नाहीत. मधल्या काळात त्या ठरावाचं काय झालं? निविदा निघाली का? कुणी आलं का? नौदलाला पत्र गेलं का, उत्तर आलं का? यातलं काहीही आपल्या खात्याने लोकांसमोर नीट मांडलेलं नाही.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की लाज, ठरवता येत नाही. मुंबईत बांधलेल्या आणि इतरही युद्धनौका पाहायला लोक कुठे कुठे जातात ते ऐका.

दीवला ‘खुकरी’ आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८९ ला नौदलात आलेली. २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात, प्रजासत्ताकदिनी, दीव प्रशासनाकडे सुपूर्द. १९७१ मध्ये जुनी खुकरी कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह दीवच्याच समुद्रात बुडाली होती, तेव्हा तिथे त्या नावाची बोट असणं योग्यच. ‘गोमती’, तीही माझगावचीच. २०२२ मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिचा वारसा गोमती नदीकाठच्या खुल्या संग्रहालयात ठेवायचं ठरलं. म्हणजे लखनौला! समुद्र नसलेल्या राज्याने मागितलं आणि मिळवलं. शेजारी कारवारला ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका किनाऱ्यावर उभी आहे. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये रामकृष्ण बीचवर लोकांसाठी उघडलीसुद्धा. वीस वर्षांहून जास्त काळ लोक तिच्या पोटातून वाकून वाकून चालत जातात, आणि माहिती सांगायला पाणबुडीवर नोकरी केलेली माणसं असतात. आंध्रकडे पैशाचं झाड होतं असं नाही. त्यांनी बोट निवृत्त होतानाच ती कुठे ठेवायची ते ठरवून टाकलं होतं.

सगळ्यात लांबचं उदाहरण मी स्वतः पाहिलेलं. लेक न्यूकॅसलला असतो. (टाइन नदीवरचं हे शहर. विक्रांतचा सांगाडा १९४५ मध्ये इथेच पाण्यात उतरला, तेव्हा तिचं नाव ‘हर्क्युलिस’ होतं.) तिथून आगगाडीने हार्टलपूलला गेलो. जुन्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ तरंगते आहे. ती मुंबई गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधली, सागवानी, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. इंग्लंडात अजून तरंगत असलेल्या युद्धनौकांत सगळ्यात जुनी हीच. कणा घातला तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला होता असं सांगतात. नाळेवर पागोटं घातलेल्या माणसाचा पुतळा आहे. खालच्या मजल्यावर छत इतकं बुटकं की माझ्यासारखीलाही मान वाकवावी लागली, लेक तर जवळजवळ रांगत होता. तुळयांवर हात ठेवला. दोनशे वर्षांपूर्वीचं आपल्याकडचं सागवान, घट्ट, गार, कुठे मऊ पडलेलं नाही. शेजारी एक इंग्रज आजोबा नातवाला सांगत होते की ही बोट बॉम्बेमध्ये बांधली. मी त्यांना म्हटलं, मी तिथलीच. ते म्हणाले, मग तुमच्याकडे अशा कितीतरी असतील!

मी विषय बदलला.

लाकूड जास्त टिकतं, पोलाद कुजतं, असं आपले अधिकारी म्हणतील, म्हणून तेही सांगते. हार्टलपूलला ती बोट १९८७ मध्ये मोडकळीस आलेल्या अवस्थेत आणली होती. पूर्ण दुरुस्ती व्हायला २००१ साल उजाडलं, आणि तिथल्या लोकांनी ट्रस्ट करून ती केली. पोलादाचं म्हणाल तर लंडनला थेम्समध्ये ‘बेलफास्ट’ ही युद्धनौका १९७१ पासून लोकांसाठी उघडी आहे, न्यूयॉर्कला ‘इंट्रेपिड’ १९८२ पासून, सॅन डिएगोला ‘मिडवे’ २००४ पासून. शेवटच्या दोन विमानवाहू आहेत आणि आकाराने विक्रांतपेक्षा मोठ्या. पोलाद सगळीकडे गंजतंच. फरक इतकाच की तिथे गंजाचा हिशेब आधी मांडलेला असतो. पत्र्याची जाडी ठरावीक काळाने मोजायची, बुडाला झिंकचे ठोकळे लावायचे म्हणजे आधी ते झिजतात आणि पत्रा वाचतो, तळाशी साचलेलं पाणी रोजच्या रोज उपसायचं, आणि काही वर्षांनी सुक्या गोदीत घेऊन खालून दुरुस्ती करायची. यात गूढ काही नाही. मुंबईत हे काम जाणणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. गोदीतल्या कुठल्याही निवृत्त फिटरला विचारा, चहा प्यायला बसवलंत तर तासभर सांगेल.

विक्रांतची आणखी एक अडचण खरी होती आणि ती नौदलावर ढकलता येणार नाही. ती उभी होती डॉकयार्डात. तिथे धक्क्याची जागा आधीच कमी, चालू नौकांना पुरत नाही, आणि सुरक्षेमुळे रोज हजारो लोकांना आत सोडणं शक्य नाही. नौदलाचं काम लढायचं, तिकिटं फाडायचं नव्हे. लष्करी हद्दीबाहेर धक्का शोधणं राज्याच्या हातात होतं. मुंबई बंदरातल्या ऑयस्टर रॉकजवळ तिला कायमचं उभं करायच्या गोष्टी झाल्या, त्या गोष्टीच राहिल्या.

आता गुलदार. १९८५ सालची, पोलंडमध्ये बांधलेली, रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी नौका. जेमतेम ८३ मीटरची. ती पाण्याखाली पाहणार कोण? पाठीवर सिलिंडर बांधून उतरणारा, किंवा पाणबुडीच्या सफरीचं तिकीट परवडणारा. सावंतवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची सहल तिथे जाणार आहे का? गुडघ्याचं ऑपरेशन झालेला निवृत्त खलाशी? माझ्यासारख्या बाया? शिवाय पावसाळ्यात कोकणात जलपर्यटन बंद, वरून समुद्र गढूळ. पर्यटन म्हणून ते करा, पण राज्याने युद्धनौका जपली असा शेरा मारून फाईल बंद करू नका. जे बुडवलं ते जपलं, असं निदान शाळेत तरी मी शिकवलं नव्हतं.

आणि घाई करू नका. नौदल दिनाच्या मुहूर्तावर मालवणच्या राजकोटला शिवाजी महाराजांचा पुतळा उभा केला, त्याचं नऊ महिन्यांच्या आत काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. समुद्राकाठच्या कामाला फीत कापायची तारीख कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: बोट निवृत्त झाल्यावर धावपळ करून काही होत नाही. धक्का, दरवर्षीचा पैसा आणि जबाबदार मालक, या तीन गोष्टी ती निवृत्त व्हायच्या आधी तयार पाहिजेत. विक्रांतच्या वेळी तिन्ही नव्हत्या. विराटच्या वेळी फक्त ठराव होता.

पुढची बोट कोणती तेही मला माहीत आहे, आपल्यालाही असेल. ‘आयएनएस मुंबई’. माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका, १६३ मीटर लांब, २२ जानेवारी २००१ ला नौदलात आली. २००६ मध्ये लेबनॉनमधून आणि २०१५ मध्ये येमेनमधून अडकलेली माणसं सोडवून आणणाऱ्या नौकांत ती होती. आज ती सेवेत आहे आणि आणखी काही वर्षं असो. पण कधीतरी तिचाही झेंडा उतरेल. त्या दिवशी या शहराचं नाव मिरवणारी, या शहरात बांधलेली बोट अलंगच्या चिखलात जाणार असेल तर आपण सगळ्यांनी तोंड कुठे लपवायचं ते आत्ताच ठरवून ठेवू या.

म्हणून मागण्या:

१. विक्रांत (१९९७ ते २०१४) आणि विराट (२०१७ ते २०२१) या दोन्हींबाबत राज्याने काय केलं, कोणते प्रस्ताव आले, ते का फेटाळले, याची श्वेतपत्रिका विधिमंडळात मांडावी. कुणाला फासावर द्यायचं नाही, चूक कुठे झाली ते लिहून ठेवायचं आहे.

२. ‘आयएनएस मुंबई’ निवृत्तीनंतर महाराष्ट्राला मिळावी, अशी लेखी मागणी संरक्षण मंत्रालयाकडे आत्ताच करावी आणि ते पत्र जाहीर करावं.

३. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, नौदलाच्या हद्दीबाहेर, बंदर प्राधिकरणाशी बोलून धक्क्याची एक जागा राखून ठेवावी. लोकलने येणाऱ्याला चालत पोचता येईल अशी. बिल्डरांच्या आराखड्यात ती नंतर ‘व्ह्यू’ म्हणून विकली जाऊ नये.

४. देखभालीसाठी कायमनिधी उभारावा, ज्याच्या व्याजातून डागडुजी होईल. खासगी भागीदार आला तर उपाहारगृह चालवू दे, बोटीचं बूड त्याच्या भरवशावर नको.

५. कारभार स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे द्यावा. त्यात निवृत्त नौसैनिक आणि गोदी कामगार असावेत, नुसते सचिव नकोत. माहिती सांगायला निवृत्त खलाशी नेमावेत. फलक मराठीत आधी. पालिका आणि जिल्हा परिषद शाळांना तिकीट नसावं.

६. गुलदारबाबत: निवतीच्या मच्छीमारांना विश्वासात घ्यावं, त्यांची जाळी अडकू लागली तर भरपाई कोण देणार ते आधी लिहून द्यावं. किनाऱ्यावर एक दालन करावं, पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी. आणि बुडवलेल्या सांगाड्याची दरवर्षी पाहणी करून अहवाल लोकांसाठी खुला ठेवावा.

यातल्या दुसऱ्या मागणीला एक रुपयाही लागत नाही, लेटरहेड आणि सही लागते. सुरुवात तिथून करावी. उत्तर मला एकटीला पाठवू नका, वर्तमानपत्रांतून सगळ्यांना द्या.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, लालबाग

प्रत माहितीसाठी:
मुंबईतले आणि सिंधुदुर्गातले सर्व आमदार व खासदार, पक्ष कोणताही असो